व्याह्यांचा पहिला पेला

प्यो सांगगिलला भीती म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. दुसऱ्या कुणी तसं म्हटल्याचं ऐकिवात नाही. कोरियातल्या चोंगजू शहरात, गाडीचे परवाने देणाऱ्या कचेरीत तो परीक्षक होता. चाचणी देणाऱ्याचा पाय क्लचवर लटलटला की त्याला नापास करून खाली उतरवायचं, यातच त्याची हयात गेली. घाबरणं हा रिकामटेकड्यांचा धंदा, असं तो जेवताना बायकोला ऐकवायचा. जेवण झालं की सोडा पिऊन छाती चोळत बसायचा. ते म्हणे किमचीमुळे, कोबीच्या त्या तिखट लोणच्यामुळे, व्हायचं.

त्या रविवारी त्याच्या एकुलत्या एक मुलीच्या, सोरिमच्या, होणाऱ्या सासरची माणसं भेटायची होती. पोरांनी आपसात ठरवलेलं असलं तरी दोन्ही घरचे आईबाप एकत्र जेवल्याशिवाय लग्न पक्कं होत नाही, आणि त्या जेवणात काही बिनसलं तर ते मोडतंही. सकाळपासून सांगगिल सारखा संडासात जाऊन येत होता.

"अहो, पोट बिघडलंय का?" त्याच्या बायकोने, ओक्रानने, बाहेरून विचारलं.

"पेपर वाचतोय."

"पेपर तर इथे पडलाय."

"मग जुना वाचतोय. तुला काय करायचंय?"

"माझ्याही पोटात गोळा आलाय, म्हणून विचारलं."

"तुझ्या पोटात काय, रोजच काहीतरी येत असतं," आतून उत्तर आलं.

हॉटेलातली खोली छान होती. म्योंग, म्हणजे मुलाचे वडील, चष्म्याचं दुकान चालवणारे मवाळ गृहस्थ. त्यांची बायको मात्र बोलायची कमी आणि बघायची जास्त. हवापाण्याचं बोलून झालं, एकमेकांच्या पोरांचं कौतुक झालं. मासा आला, सोजूची, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या दारूची, बाटली आली. व्याह्यांचा पहिला पेला मुलीच्या बापाने भरावा, म्हणून सांगगिलने रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी बाटली धरली.

आणि हात थरथरायला लागले. बाटलीचं तोंड पेल्यावर किणकिणायला लागलं. घोटभर सोजू पेल्यात गेली, बाकीची माशावर. सांगगिलच्या मानेवरून घामाचे ओघळ निघाले, आणि तो मात्र खोलीत उकडतंय म्हणून वेटरवर डाफरला.

म्योंगबाई त्या हातांकडे बघत होत्या. "राग मानू नका, व्याहीबुवा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या वडिलांचे हात असेच व्हायचे. प्याल्याशिवाय त्यांना सकाळी बटणंसुद्धा लावता यायची नाहीत. तुम्ही रोज घेता का?"

आता, हा माणूस एका पेल्यात लालबुंद होऊन आडवा पडणारा. 'नाही हो, पोरीच्या काळजीनं घाबरलोय,' एवढं बोलला असता तरी काम झालं असतं. समोरचे हसले असते, म्योंगही मनातून घाबरलेले होतेच, तेही सैल झाले असते. पण तेवढं बोलायला जी हिंमत लागते ती सांगगिलकडे कुठली?

"पुरुषाची जात आहे," तो छाती काढून म्हणाला. "रोज बाटलीभर लागतेच."

"बाबा थेंबसुद्धा घेत नाहीत," सोरिम घाईघाईने म्हणाली. "ते घाबरलेत. माझ्या कॉलेजच्या निकालाला तर त्यांना उभंही राहवत नव्हतं. आई, सांग ना गं."

ओक्रानने तोंड उघडलं, पण नवऱ्याने तिला बोलू दिलं नाही.

"हिचं काय ऐकता? बापाचं व्यसन झाकायला खोटं बोलतेय. लहानपणापासूनची खोड आहे तिची."

म्योंगबाईंनी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "दारूचं एक वेळ आम्ही बघून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "पण बाप म्हणतो पोरगी खोटारडी आणि पोरगी म्हणते बाप खोटारडा. आम्ही कुणाचं खरं धरायचं?"

"घरी जाऊन कळवतो," म्योंग म्हणाले. असं म्हणणारे कळवत नसतात. लग्नाला निघालेला त्यांचा चिरंजीव इतका वेळ ताटातले तीळ निरखत होता. तोही आईपाठोपाठ उठला आणि सोरिमकडे न बघता बूट घालून गेला.

दार लागलं. सांगगिलच्या पोटातला पीळ सुटला, घाम वाळला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला सडकून भूक लागली. त्याने मासा पुढे ओढला आणि काट्यांतून मांस सोडवून खायला लागला.

"बाबा," सोरिम म्हणाली, "हात थरथरायचा थांबलाय तुमचा."

"थरथरत कधी होता?" तोंडातला घास न गिळताच तो म्हणाला.

सोरिमने पर्स उचलली, आईला "चल" म्हणाली आणि बापाकडे पाठ करून निघाली.