चार निळ्या भिंती आणि एक रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे, पोट आतून निळं पडलेलं आहे, आणि माझ्या वासाबद्दल लोक जे बोलतात त्यातलं निम्मं खरं आहे. शहापुरातल्या एका अरुंद बोळात कल्लाप्पा निळारी राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी बसून असतो. हल्ली माझ्यात चुलीसाठी शेणी ठेवतात. एके काळी माझ्यात नीळ असायची. हा बदल मी कसा सोसला ते सांगेनच, पण आधी या खोलीच्या चार भिंती बघून घ्या. चारही निळ्या आहेत आणि एकीचा निळा दुसरीशी जुळत नाही. पहिल्यांदा येणारा माणूस हसतोच. तुम्हीही हसून घ्या आणि मग ऐका.

माझा जन्म खानापूरचा. तिथल्या कुंभारानं मला थापीनं इतकं बडवलं, की पुढं आयुष्यात सहसा कशाचं वाईट वाटलं नाही. गवतात गुंडाळून, बैलगाडीतून हादरे खात मी शहापुरात आलो. कल्लाप्पाच्या वडिलांनी मला बोटानं वाजवून बघितलं आणि परसात गळ्यापर्यंत पुरून टाकलं. निळीचा रांजण असाच पुरतात, म्हणजे आतलं पाणी उबदार राहतं. त्यामुळं मी जग बघितलं ते हनुवटीच्या उंचीवरून. माणसांचे पाय मी चेहऱ्यांपेक्षा लवकर ओळखायला शिकलो.

त्या काळात माझी बडदास्त जावयासारखी होती. सकाळी चुना, संध्याकाळी गूळ, मध्येच टाकळ्याच्या उकडलेल्या बिया. नीळ आंबायला हे सगळं लागतं, आणि आंबली की घमघमाट असा सुटतो की पाहुणे पुढच्या दारातूनच परत जातात. हे खाऊपिऊ घालायचं काम कल्लाप्पाच्या आईचं, बायाक्काचं. ती माझ्यात बोट बुडवायची, वास घ्यायची, डोळे बारीक करून रंग बघायची आणि सांगायची, आज सूत बुडवा, किंवा आज बुडवू नका. रंगाच्या बाबतीत तिचा डोळा बोळातल्या शंभर मागांवर चालायचा. बायाक्कानं ‘रंग चढला’ म्हटलं की वाद संपला.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. सूत माझ्यातून वर काढलं की ते निळं नसतं, हिरवट पिवळं असतं. वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं होतं, आणि परत बुडवलं की आणखी गडद होतं. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला धडा हा, की ओला रंग बघून घाबरायचं नाही, वारा लागला की तो चढतो. कल्लाप्पा हा धडा रांगायच्या वयात शिकला. दुसरा धडा शिकायची त्याला कधी गरज वाटली नाही.

मग विलायती रंगाचे डबे आले. गरम पाण्यात चमचाभर भुकटी टाकली की अर्ध्या तासात सूत तयार. ना गूळ, ना बिया, ना वास. तोवर कल्लाप्पाचे वडील वारले होते. कल्लाप्पानं मला उकरून काढलं आणि वळचणीला ठेवलं. मला राग आला, हे मी लपवत नाही. वीस वर्षं अख्ख्या बोळाला लुगडी नेसवणाऱ्याला पागोळ्यांखाली बसवलं. एका तांबड्या कोंबडीनं तर मला घरच मानलं. तिनं माझ्यात अकरा अंडी घातली. पिल्लं निघाली ती निळसर पायांची, आणि शेजारची अक्काताई ती बघायला चार बायका घेऊन आली. माझ्या उतरत्या काळातलं कौतुक ते तेवढंच.

चौतीस सालचा पावसाळा संपला आणि घरात कुरबुर सुरू झाली. बायाक्काच्या स्वयंपाकात चुका व्हायला लागल्या होत्या. एकदा आमटीत दोनदा हळद पडली. एकदा भाकरी तव्यावर न पडता तव्याशेजारी पडली. एकदा तिनं ताकाचं भांडं उचलून चुलीतल्या राखेत ओतलं आणि राखेलाच दोष दिला. सून मालुबाई निपाणीची. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आमटीत मीठ घालायचा मान तिला अजून मिळाला नव्हता. तिनं पीठ मळायचं, कांदा चिरायचा, पाणी भरायचं आणि चुलीपासून हातभर लांब राहायचं. ती तोंडानं काही बोलत नव्हती, पण भांडी जरा मोठ्यानं ठेवत होती.

शेवटी कल्लाप्पानं आईला सांगितलं, की आता दमलीस, बाहेरच्या खोलीत बस, सूनबाई बघेल. बायाक्कानं पळी खाली ठेवली नाही.

“मी न्हाय दमलो,” ती म्हणाली. “सैपाकघरात अंधार लई हाय. तीस वर्षांची काजळी हाय भिंतीवर. आधी उजेड करा. मग दिवाळीपतुर माझी एक चूक दावा, मी आपल्या हातानं पळी मालूच्या हातात दीन.”

पैज ठरली. म्हातारीचं सगळं आयुष्य त्या चुलीशी गेलेलं. तिथून उठून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचं, म्हणजे मला वळचणीला ठेवलं तसंच होतं. मी तिच्या बाजूचा होतो, पण मला कोण विचारतो?

भिंती निळ्या करायच्या ही कल्पना मालुबाईची. निपाणीला तिच्या माहेरी नुकतंच स्वयंपाकघर निळं केलं होतं. निळ्या भिंतीवर माशा बसत नाहीत, असं तिचा भाऊ परशराम सांगून गेला होता. शिवाय तो भाऊबिजेला येणार होता, आणि बहिणीचं स्वयंपाकघर माहेरापेक्षा कमी दिसून चालणार नव्हतं. कुणीतरी म्हणालं, चुना देणारा गडी बोलवा. कल्लाप्पाला तो अपमान वाटला. निळाऱ्याच्या घरात निळा रंग द्यायला दुसरा माणूस कशाला? त्यानं मला वळचणीतून काढलं, कोंबडीला हाकललं, आणि दोन शेजारी हाताशी धरून स्वयंपाकघरात आणून ठेवलं. त्यातच त्याची कंबर धरली, म्हणून मी परत बाहेर गेलो नाही. माणसाच्या कंबरेचे माझ्यावर असे उपकार आहेत.

माझ्यात कळीचा चुना पडला, वर पाणी पडलं आणि पोटात अशी खदखद झाली की भट्टीची आठवण आली. निवल्यावर कल्लाप्पानं जुन्या गाठोड्यातली नीळ खलून चिमूटभर टाकली. वर सवयीनं गूळ आणि टाकळ्याच्या बियाही टाकल्या. पहिल्या दिवशी त्यानं दाराकडची भिंत रंगवली. ओली भिंत छान निळी दिसत होती. मालुबाई म्हणाली, जरा आणखी नीळ घाला. कल्लाप्पा समजुतीनं हसला.

“अजून वारा लागायचा हाय,” तो म्हणाला. “उद्या बघ, चढतोय का न्हाय.”

मित्रांनो, चुन्याचं नेमकं उलटं असतं. ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पण निळाऱ्याला कोण शिकवणार? सकाळी भिंत जवळजवळ पांढरी निघाली, अगदी कुणी निळ्या लुगड्याच्या पदरानं पुसल्यासारखी. शिवाय गुळाच्या वासानं मुंग्या आल्या त्या वेगळ्याच.

कल्लाप्पानं डोकं खाजवलं आणि लहानपणापासून जे करत आला तेच केलं. आईला आणून भिंतीसमोर उभं केलं. बायाक्का भिंतीच्या इतक्या जवळ गेली की नाक टेकलं.

“न्हाय चढला,” ती म्हणाली. “नीळ घाल अजून.”

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या हंड्यांमागची भिंत झाली, आभाळाच्या रंगाची. बायाक्का म्हणाली, न्हाय चढला. तिसऱ्या दिवशी डब्यांमागची झाली, चांगली ठसठशीत निळी. बायाक्का पुन्हा म्हणाली, न्हाय चढला. चौथ्या दिवशी कल्लाप्पाचं डोकं फिरलं. वडिलांच्या वेळची राहिलेली सगळी नीळ त्यानं माझ्यात ओतली आणि चुलीमागची भिंत रंगवली. ती झाली काळपट निळी, वांग्याशेजारी ठेवली तर वांगं फिकं दिसेल अशी. बायाक्का दारातच थांबली.

“आता दिसतंय,” ती म्हणाली.

‘दिसतंय’ म्हणाली ती. रंग चढला असं नाही म्हणाली. मी तिथंच होतो आणि मला एकदम सगळं समजलं. बोळातले शंभर माग ज्या डोळ्यावर चालले, त्या डोळ्याला आता गडद तेवढंच दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. कल्लाप्पाला मात्र काही समजलं नाही. आईनं हो म्हटलं, म्हणजे रंग जमला, एवढ्यावर तो खूश होता.

मालुबाई खूश नव्हती. अक्काताई येऊन बघून गेली आणि बोळभर सांगत सुटली, की कल्लाप्पाच्या घरात एका खोलीत चार घरं आहेत. मालुबाईला रडू फुटलं. परशराम आला तर निपाणीभर हसं होईल. तिनं ठरवलं की नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चारही भिंती सरसकट पांढऱ्या करायच्या. तिनं मला धुऊन घेतलं आणि माझ्यात गळ्यापर्यंत चुना कालवला.

या आठ-दहा दिवसांत एक गंमत झाली होती, ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बायाक्काची एकही चूक झाली नव्हती. काळपट भिंतीवर पितळेची पळी, उलथनं, झारा टांगलेला असायचा आणि सोन्यासारखा उठून दिसायचा. काळा तवा आणि कढई दाराकडच्या पांढरट भिंतीवर. म्हातारीचा हात सरळ वस्तूवर जायचा. गडद दिसलं की चूल, फिकं दिसलं की दार. ती खोलीभर अशी फिरायची जणू वीस वर्षांनी लहान झाली.

चुना द्यायच्या दिवशी मालुबाईनं सगळी पितळी भांडी चिंचेनं घासली आणि चुलीमागची भिंत मोकळी असावी म्हणून दाराकडच्या भिंतीवर टांगली. मग ती कुंचा आणायला परसात गेली. परत आली तेव्हा बायाक्का चुलीपुढं उभी होती. आमटी उतू चालली होती आणि तिचा हात काळपट भिंतीवरून पळी शोधत फिरत होता. वर, खाली, मग खुंटीवर. खुंटी मोकळी. पळी तिच्या पाठीमागं, पाच हातांवर, उघड्यावर लटकत होती. बायाक्का वळली, थेट तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा भिंत चाचपू लागली.

मालुबाई दारात उभी राहिली. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ती चूक समोर होती. हाक मारली असती तर बाहेरच्या खोलीतून कल्लाप्पा आला असता आणि त्या घटकेला चूल तिची झाली असती. मी श्वास रोखून होतो. चुन्यानं भरलेल्या रांजणाला तेवढंच जमतं.

तिनं कुंचा खाली ठेवला. पळी काढली आणि सासूच्या हाताखाली, नेहमीच्या खुंटीला लावली.

“मीच चुकून तिकडं टांगलीती, आत्याबाई,” ती म्हणाली.

बायाक्कानं पळी घेतली आणि आमटी ढवळली.

त्या दिवशी भिंतींना चुना लागला नाही. मालुबाईनं एक एक भांडं परत जागच्या जागी लावलं. मग माझ्यातला चुना घेऊन तिनं चुलीच्या काठावर आणि उंबऱ्यावर चार बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला. भिंती का राहिल्या असं कल्लाप्पानं विचारलं, तर म्हणाली, चुना कमी पडला. मी गळ्यापर्यंत भरलेला तिथंच बसलो होतो.

भाऊबिजेला परशराम आला, पाटावर बसला, चार भिंतींकडं बघून गालातल्या गालात हसू लागला. शेवटी त्याला राहवलं नाही. रंगाऱ्याच्याच घरात रंगाचं असं कसं झालं, असं त्यानं विचारलं.

“शहापुरात असंच रंगवत्यात,” मालुबाईनं शांतपणे भाकरी वाढली. “निपाणीला एकच निळा गावतोय, त्याला आमी काय करनार?”

परशरामनं भाकरीचा तुकडा मोडला. कल्लाप्पाची छाती मात्र चांगलीच फुगली. मग त्याला एकदम पैज आठवली. दिवाळी संपली की, तो म्हणाला, आणि बायकोकडं वळून विचारलं, आईची काही चूक झाली का?

“एक बी न्हाय,” मालुबाई म्हणाली.

चुलीपाशी बायाक्काचा हात थांबला. मग तिनं पळीत आमटी घेतली, फुंकर मारली, आणि पळी सुनेच्या दिशेनं पुढं केली. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

“मीठ बघ गं मालू,” ती म्हणाली. “माझी जीभ आजकाल बरी न्हाय.”

त्यानंतर सहा वर्षं दोघींनी मिळून स्वयंपाक केला. बायाक्काच्या जिभेला शेवटपर्यंत काहीही झालं नव्हतं, आणि मालुबाईनं शेवटपर्यंत तिला ते बोलून दाखवलं नाही.

आता सत्तेचाळीस साल आहे. या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य आलं म्हणून अख्खा बोळ रंगला, तेव्हा मालुबाईच्या नव्या सुनेनं विचारलं, की निदान आता तरी चारही भिंती एकसारख्या करायच्या का? मालुबाईनं माझ्यातल्या शेणी काढल्या, चुना भिजवला आणि नीळ चार वेळा वेगवेगळी कालवली, फिकी ती दाराला, गडद ती चुलीमागं. मग तिनं काळपट भिंतीवरची पळी घ्यायला हात पुढं केला. हात जरा चाचपडला, मी बघितलं. नव्या सुनेनंही बघितलं, आणि मुकाट्यानं खुंटी सासूच्या हाताला लागेल अशी थोडी खाली ठोकून घेतली.

म्हणून मित्रांनो, माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं काही असेल, मातीचं असो वा माणूस असो, त्याला वळचणीला बसवू नका. हाताशी जागा द्या. त्याच्या वस्तू त्याला सापडतील तिथंच ठेवा, आणि त्याची जीभ बरी नाही असं ते म्हणालं, तर मीठ बघा आणि गप्प बसा.