वीस रेघा, हिरवी पट्टी

सूर्यभानला साखरेचा आजार निघाला तेव्हा त्याची बायको मनकर्णा नगरच्या दवाखान्यात चार दिवस राहून सुई टोचायला शिकली. तिथल्या हन्ना सिस्टरने तिच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं. काचेची सिरिंज उकळायची, बुडबुडे झटकायचे, आणि लाल पट्टीच्या बाटलीतलं इन्सुलिन बरोबर वीस रेघा ओढायचं. आठ महिन्यांत तिचं माप एकदाही चुकलं नव्हतं.

मग एके दिवशी सोनईच्या दवाखान्यातल्या रंगनाथ कंपाउंडरने तिच्या हातात हिरव्या पट्टीची बाटली ठेवली.

"आमची लाल असती," मनकर्णा म्हणाली.

"औषध त्येच हाय. तुला इंग्रजी वाचता येतं का? मग घे आन् चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई घेऊन, भाकरी खाऊन सूर्यभान कांद्याच्या वाफ्यात गेला आणि दोन तासांत घामाने निथळला. हातपाय लटपटले, काहीबाही बरळायला लागला. मनकर्णाने त्याला बांधावर बसवून घोट घोट गुळाचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे तो तिला ओळखायला लागला. मग गाडी जुंपून तिने त्याला सोनईच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली आणि तिच्यावरच डाफरले. "अडाणी बायकांच्या हातात सुई दिली की हेच होणार! माप चुकवलंस तू."

मनकर्णाच्या कानांतून वाफा निघाल्या. पिशवीतून सिरिंज काढून तिने टेबलावरच्या पेल्यातलं पाणी रोजच्या मापाने ओढलं आणि डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

"मोजा. तुमीच मोजा."

डॉक्टरांनी सिरिंज बाजूला सारली. बाकावर बसलेल्या दीना मास्तरीण उठल्या, त्यांनी रेघा मोजल्या. "वीसच आहेत." मग मनकर्णाच्या पिशवीतली हिरवी आणि जुनी रिकामी लाल, अशा दोन्ही बाटल्या घेऊन त्यांनी वरच्या चिठ्ठ्या वाचल्या. "डॉक्टर, हिरवीवर ऐंशी लिहिलंय. लाल तर चाळीसची आहे ना?"

"म्हंजी?" मनकर्णाने विचारलं.

"म्हणजे हे दुप्पट जोराचं," मास्तरीण म्हणाल्या. "रेघा तेवढ्याच, पण औषध दुप्पट गेलं."

"चाळीसचं संपलं हुतं," रंगनाथ पुटपुटला.

"बरं, झालं ते झालं," डॉक्टर म्हणाले. "नवरा वाचला ना तुझा?"

"गुळानं वाचला त्यो! तुमी काय क्येलं? इचारलं तर हाकलून दिलं, आन् वर मलाच अडानी म्हनता?" ती रंगनाथकडे वळली. "ही हिरवी बाटली आनखी कुनाला दिली?"

रंगनाथ खाली बघत म्हणाला, "घोडेगावच्या आक्काबाईला. काल."

आक्काबाई एकटी राहायची, आपली सुई आपणच टोचून घ्यायची.

"मंग हितं काय हुबा ऱ्हायलाय? पळ!"

डॉक्टरांनी स्वतःच मोटारसायकल काढली. मनकर्णा हलली नाही. बाकावरचं कुणीही हललं नाही. तासाभराने ते परतले. आक्काबाईच्या जुन्या बाटलीत दोन दिवसांचं औषध उरलं होतं, म्हणून तिने नवी अजून फोडली नव्हती. ती त्यांनी काढून आणली होती.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. माजं माप बरुबर हुतं, त्ये सांगा सगळ्यांम्होरं."

डॉक्टर रुमालाने मान पुसत राहिले. "बरोबर होतं," ते शेवटी म्हणाले.

गाडीत सूर्यभान हळूच म्हणाला, "जाऊ दे गं आता. दमली असशील."

"काय जाऊ दे?" ती उसळली. "मास्तरीण नसत्या तर जलमभर माज्याच डोक्यावर आलं असतं." आणि घर येईपर्यंत ती धुसफुसतच होती.