विमेवाला पाजणीच्या वेळी आला

एकाहत्तर सालचा मार्च. कोष्टीपुऱ्यातल्या गल्लीत सकाळपासून पाजणी चालली होती. नव्या लुगड्यांचे उभे धागे, म्हणजे ताणा, गल्लीभर लांब ताणलेला. एक टोक कडुनिंबाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा दोर जनाबाईच्या हातात. मधे तिची सासू रुखमाबाई आणि शेजारची जयवंता कुंच्यानं धाग्यांना पिठाची खळ पाजत होत्या. खळ वाळेपर्यंत दोर सोडायचा नसतो. सोडला की ओले धागे एकमेकांना चिकटतात आणि महिनाभराचं काम मातीत जातं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

आणि नेमका तेव्हाच हा तडमडला. सायकल, टेरिलिनचा सदरा, काखेत फाइल.

"शालिकराम गिरणीवाले इथंच राहतात ना? मी कृष्णकांत. सदर भागातल्या विमा ऑफिसातून आलो."

शालिकराम जनाबाईचा नवरा. गिरणीतला कापूस छातीत भरून भरून रक्त ओकायला लागला, तेव्हा कामगारांच्या विम्यावर त्याला क्षयाच्या दवाखान्यात खाट मिळाली होती. खाट, इंजेक्शनं, गोळ्या, सगळं त्या एका कार्डावर. ते कार्ड गेलं की माणूस गेला, हे जनाबाई झोपेतही विसरत नसे.

"जुनी कार्डं रद्द झाली," कृष्णकांत म्हणाला. "आजच्या आज जमा करा. नाहीतर उद्या सतरा नंबरची खाट दुसऱ्याला जाईल."

सतरा नंबर ऐकताच रुखमाबाईच्या हातातला कुंचा गळाला. यानं तो पटकन उचलला, बाह्या वर सारल्या आणि चक्क खळ लावायला लागला! "तुम्ही बसा, आजी. मी लावतो."

झालं, म्हातारी विरघळली. कोष्ट्यांची रीतच तशी. पाजणीला ज्यानं हात लावला त्याला नाव-गाव विचारायचं नाही, तो घरचा. रीत चांगली आहे हो, पण चोराला लोकांच्या चांगल्या रितीच आधी दिसतात.

जनाबाई दोर धरूनच कडाडली, "खाटीचा नंबर तं साऱ्या गल्लीले ठावूक हाये गा! आमची बुढी रोज वरडून सांगते. ऑफिसचा कागद दाखव."

"कागद बघत बसा, बाई. मग नवऱ्याचं मढं आणा घरी."

जनाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. आमच्या दारात उभा राहून आमच्याच माणसाचं मढं काढतो, मेला! "कार्ड मी स्वतः सदरले आनून देईन. तुह्या हातात नाई देत."

"तुम्हाला आत कोण सोडणार तिथं? आज शेवटचा दिवस आहे."

"काहून अडून राहिली वं?" रुखमाबाई रडकुंडीला आली. "पोरगा जाईन माहा! जा बापा, आत जा, हात धू. कोठीवर पितळी डबा हाये, त्यात हाये कार्ड."

तो आत शिरलासुद्धा.

"ए, थांब!" जनाबाई ओरडली. "त्याच्या विम्याचा नंबर सांग आधी! तुह्या वहीत असनच ना?"

आतून डब्याचं झाकण वाजलं. "नंबर कार्डावरच असतो, बाई. म्हणून तर कार्ड पाहिजे."

वा रे वा! खाटेचा नंबर तोंडपाठ, आणि ऑफिसनं दिलेला नंबर ऑफिसच्याच माणसाला ठाऊक नाही? जनाबाईनं एकदा ओल्या ताण्याकडं बघितलं आणि दोर सोडून दिला.

ताणा धुळीत बसला. रुखमाबाई किंचाळली. जनाबाई दारात पोचली तेव्हा तो कार्ड खिशात घालत होता. तिनं खिशासकट सदरा फाडला आणि कार्ड ओढून घेतलं.

"सरकारी माणसावर हात? पोलिसात देईन!"

"दे ना! चाल, संगच जाऊ चौकीत. चाल!"

चौकीचं नाव निघताच साहेबांना सायकल आठवली. जाताना ओरडला, "गेली खाट! लिहून ठेवा!"

मग गल्लीनं जनाबाईला जे झोडपलं ते सांगायची सोय नाही. रुखमाबाई मातीतले धागे उचलत होती आणि शिव्या देत होती, "नवऱ्याले खाशीन, भवाने!" जयवंताही म्हणाली, "देऊन टाकाचं होतं वं, एवढा ताणा गेला." जयवंताचा नवरा महादेवराव त्याच गिरणीतला, सोमवारी त्याच विम्यावर त्याचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. जनाबाईच्याही मनात आलं, खरंच खाट गेली तर? कार्ड चोळीत खोचून ती तशीच सदरपर्यंत चालत गेली.

खिडकीतल्या कारकुनानं कार्ड बघितलं, वहीतला नंबर ताडला. "कुठलंही कार्ड रद्द नाही, बाई. आमचा माणूस कार्ड न्यायला घरी येतच नाही. हे लोक कार्डावर औषधं उचलतात आणि बाहेर विकतात. या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या. फक्त तुमच्याच हातात कार्ड आहे."

जनाबाई तीनच्या उन्हात परतली. आता साऱ्या गल्लीला उभं करून सुनवायचं, असं तिनं वाटेत शंभरदा ठरवलं होतं. "भामटा होता तो!" कोपऱ्यावरूनच ती गरजली. "ऐका सगळे! चोर होता!"

रुखमाबाईनं मान खाली घातली. जयवंता ओट्यावर बसली होती, ती पांढरीफटक पडली.

"तो मंग आला होता वं, जना," ती पुटपुटली. "तू गेल्यावर."

"आन् तू देलं?"

"देलं."

"माह्या हातातला दोर सुटलेला पाह्यला ना तू! डोयानं पाह्यला ना?"

"म्हनूनच देलं वं. तो म्हने, तिची खाट गेली, तुह्या नवऱ्याचं ऑपरेशन तरी वाचव. भ्याली मी."

जनाबाईच्या जिभेवर दिवसभराच्या शिव्या जमल्या होत्या. त्यांतली एकही बाहेर पडेना. तिनं जयवंताचं मनगट धरून तिला ओट्यावरून खेचलं.

"ऊठ. कार्ड चोरीले गेलं म्हनून लिहून देऊ. ऑफिस पाचले बंद होते. रडाचं असन तं रस्त्यानं रड."