दुपारचा पुरस्कार

वीस वर्षं वायरमन मेटलच, म्हणजे दणदणीत गिटारींचं रॉक संगीत, ऐकत आला होता. पॉप म्हणजे गुळमट गाणी आणि पुरस्कार म्हणजे त्या मंडळींची आपसातली वाटणी, हे त्याचं ठाम मत. आज तो संगीत पुरस्कारांच्याच सभागृहात शिडीवर चढून दिवे लावत होता. दुपारी आयोजकांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर मेटलचा पुरस्कार उरकून टाकला. घेणारा त्याचा सर्वांत लाडका गायक होता. वायरमन धडपडत खाली उतरला.

"टीव्हीवर कधी दाखवतील हो?" गायकाने विचारलं. "आई सकाळपासून टीव्हीसमोर बसलीय."

"कॅमेरे संध्याकाळी सुरू होतात, दादा. पॉपवाल्यांसाठी."

गायकाने मान हलवली आणि मागचं दार कुठंय विचारलं.

संध्याकाळी वायरमनने पॉप गायिकेवर सगळा उजेड सोडला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. टीव्हीवर सतत कानावर पडून तिचं गाणं त्यालाही तोंडपाठ झालं होतं.