तिघांचा मार खाल्लेला बाहुला

मित्रांनो, मी एक बाहुला आहे, आणि बराच जुना आहे. पण मी लाडाने कडेवर घ्यायचा बाहुला नाही, धरून आपटायचा बाहुला आहे. माझी उंची माणसाएवढी आणि वजन एखाद्या माणसाहून जरा जास्तच. मला नाकडोळे नाहीत. अंगात एकही हाड नाही, ताठा मात्र भरपूर आहे. म्हणून आधीच बजावतो, माझी कहाणी ऐकून कोणी हळहळू नये. मला त्याचा राग येतो.

मला शिवले ते स्कूटरची सीटकव्हरे शिवणाऱ्या एका बाईने. दुकानात उरलेले काळे रेक्झिन तिने माझ्या अंगासाठी वापरले आणि पोटात चिंध्या व लाकडाचा भुसा ठासून भरला. शेवटचा टाका घालून तिने दाताने दोरा तोडला आणि माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "जा, खा मार!" मला मिळालेला हा एवढाच आशीर्वाद, पण तो पुरेपूर फळला.

माझी रवानगी एका जुन्या गोदामात झाली. तिथे एकाच छपराखाली तीन गुरू शिकवत. खिडकीपाशी बॉक्सिंगचे सर, मधल्या गादीवर ज्युदोच्या बाई आणि दाराजवळ कुस्तीचे वस्ताद. तिघांमधून विस्तव जात नसे. आपापली हद्द दाखवायला त्यांनी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. शिष्यांनी त्या ओलांडायच्या नाहीत असा नियम होता. मी मात्र तिघांच्या सामाईक मालकीचा होतो. मला बडवण्यावरून त्यांचे कधी भांडण झाले नाही.

मार खाता खाता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बॉक्सिंगवाले मला ठोसे मारत, पण मी अंगावर कलंडलो की मला मिठी मारून नुसते उभे राहत. पंच येऊन सोडवतात, अशी त्यांची सवय. ज्युदोवाल्यांना हात जखडायचे डावही येत, पण ते मला झकास उचलून पाठीवर आपटत आणि लगेच कपडे सारखे करत मागे वळत. त्यांचे जिंकून झालेले असे. कुस्तीवाले खाली सापडले की पाठ टेकू नये म्हणून झटकन पालथे होत आणि मान उघडी टाकत. ज्याची विद्या जिथे संपे, तिथे लढतही संपली असे त्याला वाटे. "अरे, आणि पुढे काय?" असे मी पडल्या पडल्या विचारत असे, पण माझे ऐकतो कोण!

ते ऐकले एका मुलीने. मला शिवणाऱ्या बाईचीच ती लेक. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. नाव सरांच्या वर्गात, पण डोळे बाईंच्या आणि वस्तादांच्या गादीवर. वर्ग सुटले की ती माझ्याकडे येई. ठोसा मारी, त्याच झपाट्यात कमरेला धरून आपटी, आणि तिथेही थांबत नसे. स्वतः खाली पडून मला अंगावर ओढी आणि माझा हात आपल्या दोन्ही पायांत जखडून ताणी. एक दिवस माझी बगल टरकन उसवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

वस्तादांचा मात्र पारा चढला. "तीन डगरींवर पाय ठेवतेस काय गं? आपटशील!"

"मला मिश्र लढतीत उतरायचंय. तिथे ठोसे, आपटणं, जखडणं सगळं चालतं," भिंगरी म्हणाली.

एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तिघे गुरू त्या दिवशी एक झाले. सर म्हणाले, "उतर. पण हरलीस तर आमच्यातला एक निवडायचा, आणि बाकी दोघांच्या हद्दीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"आणि जिंकले तर?"

"आधी जिंकून तर दाखव," बाई म्हणाल्या.

"जिंकले तर या पट्ट्या मी उखडणार."

वस्तादांनी मला ताडपत्रीखाली झाकायचा हुकूम सोडला. भिंगरी रोज ती ताडपत्री काढी. तिची आई माझी बगल शिवायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "हरलीस तर कुणाला निवडशील?"

"कुणालाच नाही. याला घरी घेऊन येईन."

"घरात आपल्यालाच जागा नाही, बाई!"

"माझ्या अंथरुणाशेजारी उभा करीन."

आजवर इतक्या जणांनी मला आपटले, पण घरी न्यायचे कोणी म्हटले नव्हते. तरीही मला घरी जायचे नव्हते. मला ती जिंकायला हवी होती.

लढत आमच्याच गोदामात झाली. समोरची मुलगी चांगली दणकट होती. दोघींनी ठोसे दिले-घेतले आणि एकमेकींना मिठी घातली. आणि भिंगरी थांबली! सरांकडची सवय. ती पंचांची वाट पाहते आहे तोवर समोरचीने तिला उचलून आपटले. पडल्याबरोबर भिंगरी पालथी होऊ लागली. वस्तादांकडे पाहून पाहून लागलेली सवय. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती. पण अर्ध्या वाटेत तिला काहीतरी आठवले. ती परत उताणी वळली आणि तिने समोरचीचा हात ओढून दोन्ही पायांत जखडला, अगदी माझा जखडायची तसाच. समोरचीने खूप धडपड केली, आणि अखेर मोकळ्या हाताने गादीवर थाप मारली. हार कबूल केल्याची ती खूण.

"ते जखडणं माझं," बाई म्हणाल्या.

"अन् कंबरेत जोर कुठून आला?" वस्ताद उसळले.

"मार खाऊन डोकं शांत ठेवायला कुणी शिकवलं?" सर म्हणाले.

 भिंगरी तोवर गुडघ्यांवर बसून नखांनी पट्ट्या उखडत होती. थोड्या वेळाने बाई तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी दुसरे टोक धरले.

दुसऱ्या दिवशी वस्ताद सगळ्यांच्या आधी आले. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी मला एक ठोसा लगावला. अंगठा मुठीच्या आत! दारातून सरांचा आवाज आला, "अंगठा बाहेर ठेवा, वस्ताद. मोडेल." वस्ताद खजील झाले, पण अंगठा बाहेर काढून त्यांनी पुन्हा मारला. माझी बगल पुन्हा उसवली.

तेव्हा मित्रांनो, माझी निगा राखायची असेल तर मला ताडपत्रीखाली झाकू नका. उसवलो तर शिवा, आणि शिवलेत की पुन्हा उभा करा. मला मारा, आपटा, जखडा, काहीही करा. पण एवढ्यातले एकच करून घरी जाणार असाल, तर माझ्या वाटेला जाऊ नका.