खुर्चीमागे आबा

बुलढाण्याच्या अपंगांच्या शिबिरात पाच वर्षांच्या योगिनीला बॅटरीवर चालणारी खुर्ची मिळाली, तेव्हा तिथल्या बाईंनी तिच्या आजोबांना, इंद्रभान आबांना बजावलं होतं, "पोरगी धडकली तरी धडकू द्या. तुम्ही हात लावू नका." आबांनी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. खुर्चीमागे एक दांडी होती. ती खाली पाडली की मोटर चाकांपासून सुटायची आणि खुर्ची हातानं ढकलता यायची. आबांनी पहिल्याच दिवशी ती पाडली आणि सगळ्यांना सांगितलं, मशीन बिघडली.

यात दुष्टपणा नव्हता. पाच वर्षं हे पोर त्यांच्या खांद्यावर वाढलं होतं. मुलगा भागवत आणि सून सुचिता सकाळीच वांग्याच्या वावरात जायची. आबांची बायको केव्हाच गेलेली. घरात बोलायला माणूस म्हणजे योगिनी. तीच आपली आपण फिरू लागली, तर म्हाताऱ्यानं दिवसभर भिंतीशी बोलायचं का?

रोज संध्याकाळी आबा तिला ढकलत मारुतीच्या पारावर न्यायचे. तिथं पोरं खेळत असायची. आबा दिसले की सगळी गप्प व्हायची आणि एकेक करून पांगायची. आबांना वाटायचं, पोरं योगिनीच्या पायांना बुजतात. ते मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे.

एकदा पार असाच रिकामा झाला, तेव्हा योगिनी म्हणाली, "आबा, तुमी येता म्हणून पोट्टे पळतात."

"काऊन? म्या काय केलं?"

"तुमी मांगं उभे राह्यता."

ती रडली असती तर गूळ-शेंगदाणे देऊन समजूत काढता आली असती. ती रडली नाही. एवढंसं पोर हे दुःख एकटंच गिळत होतं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी दांडी वर केली. "झाली दुरुस्त," म्हणाले. योगिनीनं हातापाशी असलेली मूठ पुढे दाबली आणि खुर्ची तुळशीच्या ओट्यावर आदळली. आबा धावले.

"राहू द्या," ती म्हणाली. खुर्ची मागे घेतली आणि वाकडीतिकडी चालवत अंगणाबाहेर निघून गेली. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आबा ओसरीवर बसले. सवयीनं तिच्याशी दोनदा बोलले. घर खायला उठलं होतं.

दिवेलागणीला सुचिता वावरातून आली. अंगण रिकामं पाहून ती जागीच थबकली. "मामाजी, योगिनी कोठी हाय?"

पाच वर्षांत हे कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

"मले नाई मालूम," ते म्हणाले. "आपली आपणच गेली."

सुचिताच्या डोक्यावरची पाटी तशीच राहिली. मग ती पाटी उतरवून पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडू लागली. योगिनीला शोधायला मात्र दोघांपैकी कुणीच उठलं नाही.