तीन बोटं कमी

मित्रांनो, मी एक जुना दांडू आहे. विटीदांडूतला. तुम्ही मला खुंट्यांवरून काढता, हातात तोलून बघता आणि "हा तर आखूड आहे" म्हणून नाक मुरडत परत ठेवता. तुमचं काही चुकत नाही. मी तीन बोटं आखूड आहे. त्या तीन बोटांचं ओझं मी सहा वर्षं वाहिलं आणि आता फार थकलो आहे. पण गप्प राहून आलेला थकवा बोलल्याशिवाय उतरत नाही, म्हणून आज तुम्हाला सगळं सांगतो.

कयाधू नदीच्या काठी, नरसीपासून कोसभर खाली, बोरखडी नावाचं आमचं गाव. तिथल्या बांधावरची एक बाभूळ वादळात पडली आणि तिच्या सरळ फांदीतून चाँद पाशा सुतारांनी मला घडवलं. त्यांनी फांदी वर्षभर सावलीत वाळवली, मग तासली, कानशीने घासली आणि करडईचं तेल पाजलं. बरोबर अठ्ठावीस बोटं लांबी. "याला पाण्यात भिजू देऊ नको अन् उन्हात टाकू नको," असं बजावून त्यांनी मला संतरामच्या हातात दिलं. संतराम म्हणजे गावातला तरणा शेतकरी, टोला मारण्यात पटाईत. त्याने आपल्या ओसरीच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या. माझी दोन्ही टोकं त्यांवर जेमतेम टेकायची. ते माझं घर.

तुम्हाला विटीदांडू हा लेकरांचा खेळ वाटत असेल. आमच्याकडे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तो मोठी माणसं खेळत. नदीच्या अलीकडे बोरखडी, पलीकडे सावंगी. थंडीत कयाधूला घोट्याएवढं पाणी असायचं, बाकी सगळं कोरडं पात्र. त्या पात्रात घट्ट जागा बघून खळगा खणत आणि डाव मांडत. टोला मारल्यावर विटी जिथे पडेल, तिथपर्यंतचं अंतर खळग्यापासून दांडूने मोजायचं. जितके दांडू, तितके गुण. कुणावर अन्याय नको म्हणून दोन्ही गावं एकाच दांडूने खेळत आणि त्यानेच मोजत. एक वर्ष त्यांचा दांडू, एक वर्ष मी. आणि हरलेल्या गावाच्या म्होरक्याने घोडा व्हायचं, जिंकलेल्या म्होरक्याला पाठीवर घेऊन त्याच्या काठाला पोचवायचं. दोन्ही गावांच्या देखत.

दोन काठांवर दोन गावं बसत. आमच्या काठावर सगळ्यात पुढे संतरामची आई, गोजरबाई. तिचा आवाज एवढा खणखणीत की वाजंत्र्यांनाही आपलं वाजवणं थांबवावंसं वाटे. विटी उडाली की अख्खा काठ एकदम उभा राहायचा, झेल गेला की एकदम खाली बसायचा. आमच्या काठाने उसासा टाकला की समोरचा काठ नाचायचा. शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरलेली माणसं त्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडायची. खरं सांगतो, तो गलका मला फार आवडायचा. आपण एवढ्या माणसांना उठवतो आणि बसवतो, असं वाटून मी फुशारत असे.

सावंगीचा म्होरक्या होता हिरासिंग. पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा, बोलणं मोजकं. त्याची नजर म्हणजे नवल होतं. विटी पडली की तो नुसतं बघून सांगायचा, "एकवीस." मोजल्यावर एकवीसच निघायचे. त्या नजरेपायी सावंगीत पेरणीचा पहिला मान त्याचा होता. पेरणीची तिफण त्याने धरली की ओळ या बांधापासून त्या बांधापर्यंत रेघ मारल्यासारखी जायची.

त्रेचाळीस सालची संक्रांत आली. आधीची तीन वर्षं आम्ही हरलो होतो आणि तिन्ही वेळा संतराम घोडा झाला होता. त्या वर्षी पाळी माझी होती. सावंगीने आधी डाव घेतला. शेवटचा टोला खुद्द हिरासिंगचा. तो असा बसला की पलीकडचा काठ बेभान झाला, पण माझं टोक खालच्या दगडावर आपटून फुटलं. सावंगीचे झाले एकशे ऐंशी.

मग भाकरी खायला खेळ थांबला. संतराम मला घेऊन धावतच चाँद पाशांकडे गेला.

"चाचा, टोक फुटलंय. कोणाच्या हातात कुसळ जाईल. लवकर साफ करून द्या."

चाँद पाशांनाही खेळ चुकवायचा नव्हता. त्यांनी करवत घेतली, फुटका भाग कापला, कानस फिरवली, तेलाचं बोट लावलं. सगळं काम भाकरी संपायच्या आत. तीन बोटांचा तुकडा भुशात पडला. त्याच्याकडे ना त्यांनी पाहिलं, ना संतरामने. मी पाहिलं, पण लाकडाचं कोण ऐकतं?

आमचा डाव सुरू झाला. मी हातात हलका लागत होतो आणि संतरामला वाटलं, आज आपल्याच मनगटात जोर आलाय. गुण भराभर चढत होते. एका टोकाकडून मोजणारा बोरखडीचा, दुसऱ्याकडून सावंगीचा, दोघेही प्रामाणिक. फक्त हिरासिंगच्या कपाळावर आठी होती आणि ती दर टोल्याला खोल होत गेली. शेवटी आमचे एकशे सदुसष्ट झाले. शेवटचा गडी संतराम, आणि जिंकायला चौदा हवे होते.

टोला बसला. दोन्ही काठ उभे राहिले. विटी वाळूत पडली.

"बारा," हिरासिंग म्हणाला. "बारा, वर आधा. सावंगी जिंकली."

मोजलं. चौदा भरले. त्याने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चौदा. तो स्वतः वाळूत गुडघे टेकून बसला आणि मला टोकाला टोक लावत मोजू लागला. तेव्हा आमच्या काठावरून गोजरबाई ओरडली, "अरे हिरासिंग, डोळे गेले व्हय तुहे? आंधळ्या, घरी जाऊन दिवा लाव!"

झालं. एकाने उचललं, दहांनी उचललं, आणि अख्खा काठ एका सुरात ओरडू लागला, "आंधळा! आंधळा!" टाळ्यांच्या ठेक्यावर. आणि ज्याचं मला आजही वाईट वाटतं ते असं, की थोड्या वेळाने सावंगीच्या काठावरचेही काही जण हसले. हिरासिंगने तिकडे एकदा पाहिलं. मग चौदावा दांडू मोजून तो उठला, गुडघ्यांची वाळू झटकली, संतरामपुढे वाकला आणि त्याला पाठीवर घेऊन आमच्या काठाला आणून सोडलं. संतरामच्या हातात मी होतो. हिरासिंगच्या कानाशी हेलकावत होतो आणि तो एकच शब्द पुटपुटत होता, "बारा."

गुलाल उधळून संतराम दिवेलागणीला घरी आला. त्याने मला खुंट्यांवर ठेवलं. मी खाली पडलो. त्याने हसत उचलून पुन्हा ठेवलं. मी पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी तो हसला नाही. माझं एक टोक त्याने एका खुंटीला लावून धरलं आणि दुसऱ्या टोकाला उरलेल्या जागेत बोटं ठेवून पाहिली. एक, दोन, तीन. मग तो ओसरीवर खाली बसला.

सकाळी तो चाँद पाशांकडे गेला. त्यांनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "या अल्ला! ही तर माझी गलती. चल, आत्ताच सावंगीला जाऊ."

जायला हवं होतं. पण गोजरबाईच्या कानावर गेलं आणि ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "काहून जातो? तीन साल घोडा झालास तवा कोणाला दया आली? गाव आनंदात हाय, त्यात काहून माती कालवतो?" संतराम थांबला. म्हणाला, होळी झाली की जातो. होळी झाल्यावर म्हणाला, पेरणी झाली की जातो. चाँद पाशा रस्त्यात भेटले की विचारायचे, "गेलतास का?" तो कामाचं निमित्त सांगून पुढे निघायचा. मग त्यांनी विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं. दोन वर्षांनी तापात ते गेले आणि गुपित संतरामच्या घरातच उरलं.

दुसऱ्या वर्षी हिरासिंग खेळायलाच आला नाही. त्याच्याशिवाय डाव रंगेना. संतरामने मला कापडात गुंडाळून आढ्याला खोचलं. तिथे मला धूर लागला, भुंग्याने एका अंगाला भोक पाडलं, तेलाचं बोट कुणी लावलं नाही. पुढे दिवसच वाईट आले. रझाकारांच्या धास्तीने माणसं गाठोडी घेऊन नदी ओलांडू लागली, कोण कोणत्या काठाचं हे कुणी विचारेना. त्या पात्रात कधी विटी उडत होती हे सांगूनही खरं वाटलं नसतं. मी आढ्यात पडून राहिलो. खरं तर मला तेव्हा काहीच नको होतं, खेळही नको आणि गलकाही नको.

अठ्ठेचाळीस सालचा दसरा झाला. धास्ती सरली होती, बाजार पुन्हा भरू लागले होते. संतराम कळमनुरीच्या बाजाराला गेला असता जोखडं विकणाऱ्यापाशी त्याला हिरासिंग दिसला. पाठ वाकलेली, मिशा पांढऱ्या. एक जोखड हातात धरून तो म्हणाला, "संतराम, जरा बघ लेका, हे सरळ हाय का? माझ्या नजरेचा भरवसा ऱ्हायला न्हाई आता. तिफण बी सोडली मी. भाड्याचा माणूस पेरून देतो."

"कवापासून काका?"

"त्याच सालापासून. अख्खं गाव चौदा म्हणत व्हतं अन् मला बारा दिसत व्हते. आंधळ्यानं कशाला तिफण धरावी?"

संतरामने बाजार केला नाही. तसाच माघारी आला, आढ्यातून मला काढलं आणि पुसलं. गोजरबाई म्हणाली, "आता काहून उकरून राहिला?" तो म्हणाला, "माय, त्या माणसाचे डोळे आपल्या घरात हायेत सहा साल." तिने दारातून वाट सोडली. तो मला घेऊन नदीत उतरला, तेव्हा भांडण होईल या भीतीने तीही मागून आली.

हिरासिंग शेतात होता. शाळूची पेरणी चालू होती, भाड्याचा माणूस न्याहारीला बसला होता. संतरामने मला हिरासिंगच्या हातात ठेवलं आणि करवतीपासून खुंट्यांपर्यंत सगळं सांगितलं, काहीही न लपवता. हिरासिंग माझ्या कापलेल्या टोकावर अंगठा फिरवत राहिला.

"म्हंजे त्या दिवशी बारा व्हते?"

"बाराच व्हते काका. वर आधा."

म्हातारा बांधावर बसला. मला वाटलं, आता हा मला संतरामच्या पाठीत घालणार. घातलं असतं तरी मला चाललं असतं. पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "सहा साल. सहा साल मी सुईत दोरा बी दुसऱ्याकडून ओवून घेतला रे."

संतराम त्याच्यापुढे गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. "बसा काका. तुमचा घोडा राह्यलाय माझ्याकडं."

"ऊठ," हिरासिंग म्हणाला. "घोड्याची हौस न्हाई मला. बैल जुंप."

त्याने मला कमरेला खोचलं आणि तिफण धरली.  समोरच्या बांधावर एक बोरी होती. तिच्यावर नजर लावून तो चालू लागला. ना मागे पाहिलं, ना खाली. बोरीपाशी पोचल्यावरच तो वळला. आम्ही दोघांनी बरोबरच पाहिलं. काळ्या मातीत ओळ गेली होती, कुठेही न वाकता.

बांधावर गोजरबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "सरळ हाय," ती हळूच म्हणाली.

हिरासिंगने कानाला हात लावला. "काय म्हणल्या बाई? ऐकू न्हाई आलं."

दोन्ही काठांना ऐकू जाणारा तिचा आवाज त्या दिवशी बांधापलीकडेही गेला नव्हता. तिने पदर बाजूला केला, श्वास घेतला आणि सगळं शिवार ऐकेल असं ओरडली, "सरळ हाय! हिरासिंगची ओळ सरळ हाय!" शेजारच्या शेतांतली माणसं काम थांबवून बघू लागली. ती पुन्हा ओरडली. मग तिला रडू आवरेना.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी हिरासिंगच्या ओसरीत आहे. त्याने दोन खुंट्या ठोकल्या, तीन बोटं जवळ, आणि मला कित्येक वर्षांनी तेल पाजलं. माझ्यात आता खेळण्याची ताकद नाही आणि खेळावंसंही वाटत नाही. तुम्ही मात्र खेळा. आपल्या दांडूला जपा, भिजू देऊ नका, आणि तो फुटला तर खुशाल कापा. फक्त कापलेला तुकडा दोन्ही गावांना दाखवा. आणि काठावर बसून सगळे मिळून एखाद्याला आंधळा म्हणणार असाल, तर त्याआधी एकदा मला संतरामच्या जुन्या खुंट्यांवर ठेवून बघा.